ट्रॉलीच्या वायरीचा जोड: उन्हापावसाला पुरून उरणारा

दिवाळी उरकली की खानदेशात ट्रॉल्यांचा हंगाम सुरू होतो. कापूस जिनिंगच्या वाटेला लागतो, शहाद्याकडे ऊसतोड सुरू होते, आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात तर शेतातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून शेतात अशी ये-जा वर्षभर चालूच असते. पावसाळाभर खळ्यात उभी राहिलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली जाते, तेव्हा मागचा एक दिवा लागत नाही, दुसरा मिणमिणतो, आणि डावा इंडिकेटर दिला की उजव्या बाजूचा दिवाही त्याच्या तालावर लुकलुकू लागतो. मग दुकानातून नवा बल्ब येतो, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. बल्बचा दोष क्वचितच असतो. दोष असतो तो वायर जिथे दुसऱ्या वायरीला किंवा लोखंडाला जोडलेली असते तिथे, आणि ती जागा काळ्या टेपखाली झाकलेली असल्यामुळे कोणाच्या नजरेस पडत नाही.

मागच्या हंगामाच्या आधी आमच्या ट्रॉलीचा असाच एक जोड मी ब्लेडने उघडून पाहिला. टेपचे वरचे वेढे सुटून त्यांची शेपटी लोंबत होती, आणि आतल्या वेढ्यांचा गोंद पाघळून त्यात माती बसली होती. त्याखाली दोन वायरी एकमेकींवर पिळलेल्या होत्या, पण तांब्याचा रंग कुठेच दिसत नव्हता. वर हिरवट-निळी भुकटी आणि तिच्याखाली काळा थर. बोटाने जरा वाकवताच तारा वाळलेल्या काडीसारख्या तुटल्या. वायरीचे आवरण पुढे सोलत गेलो, तर चांगले वीतभर आतपर्यंत तांबे काळे पडलेले निघाले. पाणी जोडावर पडले होते, पण ते तिथेच थांबले नव्हते. वायरीत अनेक बारीक तारा असतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून ओलावा आत ओढला जातो, दिव्याच्या वातीत तेल चढते तसाच. म्हणूनच खराब जोड कापून त्याच जागी नवा बांधणे बहुतेक वेळा वाया जाते. लखलखीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापत जावे लागते, आणि लांबी पुरेनाशी झाली तर मधला तुकडा नवा घालावा लागतो.

आता हा काळा-हिरवा थर वीज अडवतो म्हणजे नेमके काय करतो, हे आकड्यांत पाहू. ट्रॉलीच्या मागे साधारणपणे २१ वॅटचे दोन ब्रेकचे बल्ब, ५ वॅटचे दोन टेलचे बल्ब आणि प्रत्येक बाजूला २१ वॅटचा इंडिकेटर असतो. रात्री ब्रेक दाबून एका बाजूला वळताना हे सगळे मिळून ७३ वॅट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर. या सगळ्या दिव्यांचा प्रवाह बॅटरीकडे परतताना एकाच वाटेने, म्हणजे अर्थिंगमधून, जातो. त्या वाटेवरच्या एका सडक्या जोडाने केवळ अर्ध्या ओहमचा विरोध निर्माण केला, तरी अडीच व्होल्टपेक्षा जास्त दाब तिथेच खर्ची पडतो आणि दिव्यांपर्यंत साडेनऊच्याही आत पोहोचतो. तारेच्या बल्बचा उजेड दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो: दाब दहा टक्के उतरला की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, आणि वरच्या हिशोबात तो निम्म्याच्याही खाली जातो. अर्धा ओहम ऐकायला किरकोळ वाटतो, पण एक चौरस मिलीमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीत एवढा विरोध यायला ती सुमारे पंचवीस मीटर लांब असावी लागते. म्हणजे बोटभर जोड पंचवीस मीटर वायरीइतका आडवा येतो, आणि वर त्याच जागी बारा-चौदा वॅटची उष्णता तयार होऊन आवरण मऊ पडते ते वेगळेच.

आपल्या भागात जोड लवकर सडण्याला आणखी काही कारणे आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या ट्रॉलीचा पत्रा हवेपेक्षाही बराच जास्त तापलेला असतो, आणि साध्या पीव्हीसी टेपचा गोंद त्या उष्णतेत टिकण्यासाठी बनवलेलाच नसतो. उन्हाळ्यात सुटलेली टेप जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत घेते आणि धरून ठेवते, त्यामुळे झाकलेला जोड कधीकधी उघड्या जोडापेक्षा जास्त काळ ओला राहतो. दुसरे कारण खतांचे आहे. केळीला पालाश भरपूर लागते आणि ते बहुधा म्युरेट ऑफ पोटॅशच्या रूपात दिले जाते. हे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे स्वयंपाकातल्या मिठाचा सख्खा भाऊ. फाटक्या गोणीतून सांडलेले खत ट्रॉलीच्या फटींतून खाली झिरपले आणि त्याला ओल लागली, की ते तांब्याला खाऊ लागते. युरिया ओलाव्यात कुजून अमोनिया सोडतो, आणि अमोनिया तांबे व पितळ या दोघांचाही वैरी आहे. समुद्रकाठी लोक खाऱ्या हवेला दोष देतात; आपल्याकडे समुद्र नसला तरी खारेपणा आपण गोणीत भरून आणतो.

टिकाऊ जोडाला दोन वेगळी कामे करायची असतात आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिले काम धातूने धातूला इतके घट्ट धरण्याचे, की त्यांच्यामध्ये हवेलाही जागा उरू नये. दुसरे काम त्या पकडीपर्यंत पाणी पोहोचू न देण्याचे. वायरी पिळून टेप लावण्यात यांपैकी एकही काम होत नाही. पिळलेल्या तारा एकमेकींना थोड्या ठिकाणी टेकतात, रस्त्याच्या धक्क्यांनी आणि दिवसरात्रीच्या गरम-थंडीने सैल होतात, आणि टेप झाकण्यापलीकडे काही करत नाही.

पहिल्या कामासाठी माझी पसंती क्रिम्पिंगला आहे. तांब्याच्या नळीत दोन्ही बाजूंनी वायर घालून ती नळी अशी दाबायची, की आतल्या तारा चेपून एकमेकींत आणि नळीत जणू एकजीव व्हाव्यात. नीट दाबलेल्या क्रिम्पमध्ये तारांच्या मधल्या फटी जवळजवळ नाहीशा होतात, आणि तिथे हवाच पोहोचत नसल्यामुळे तांबे काळे पडत नाही. मात्र हे साध्या पकडीने होत नाही. पकड नळीला फक्त चपटी करते, एका बाजूला दाब पडतो आणि दुसऱ्या बाजूच्या तारा मोकळ्याच राहतात. रॅचेटचे क्रिम्पिंग टूल पूर्ण दाब बसेपर्यंत सुटतच नाही, आणि या एका गुणासाठी त्याचे पैसे द्यावेत असे माझे मत आहे. वर्षाला दोनच जोड करायचे असतील तर गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मागून आणावे.

जोडाच्या नळ्या, ज्यांना दुकानदार बट कनेक्टर म्हणतात, त्या रंगांवरून ओळखायच्या असतात. लाल नळी अर्धा ते दीड चौरस मिलीमीटरच्या वायरीसाठी, निळी दीड ते अडीचसाठी आणि पिवळी चार ते सहासाठी. निळ्या नळीत बारीक वायर घालून “जरा जास्त दाबू” म्हणणे हा नेहमीचा घोटाळा आहे. ती वायर त्या दिवशी निघत नाही, पण पुढच्या आठवड्यात निघते. आवरण सोलताना एकही तार तुटू नये, कारण सोळा तारांतल्या चार तुटल्या तर त्या ठिकाणी वायर पाव हिश्शाने बारीक झाली. सोललेले टोक नळीच्या मधल्या अडथळ्यापर्यंत गेले पाहिजे आणि नळीबाहेर उघडे तांबे दिसता कामा नये. दाबून झाल्यावर दोन्ही बाजूंनी हाताने चांगला हिसका द्यावा. सुटायचे असेल तर घरी सुटू द्यावे, ते कन्नड घाटातल्या अंधारात सुटण्यापेक्षा बरे. टोकांना आधी कथील लावून मग क्रिम्प करण्याची सवय काहींना असते. ती सोडावी, कारण कथील मऊ असते, दाबाखाली ते हळूहळू सरकत राहते आणि पकड सैल होते.

दुसरे काम हीट श्रिंक ट्यूबचे, आणि इथे बाजारात दोन जाती मिळतात हे बऱ्याच जणांना माहीत नसते. साधी ट्यूब गरम केली की आवळते, पण आतून कोरडी असते; ती जोडाला खरचटण्यापासून वाचवते, पाण्यापासून नाही. दुसऱ्या जातीत आतल्या बाजूला गोंदाचा थर असतो. ट्यूब आवळताना हा गोंद वितळतो, वायरीच्या आवरणाला चिकटतो आणि थंड झाल्यावर बुचासारखा बसतो. दुकानात “गोंदवाली श्रिंक ट्यूब” म्हणून स्पष्ट मागावी आणि तुकड्याच्या आत बोट घालून पाहावे. भिंत जाड आणि आतून किंचित चकचकीत लागते. ही ट्यूब बहुधा मूळ व्यासाच्या एक तृतीयांशापर्यंत आवळते, साधी निम्म्यापर्यंत.

ट्यूब जोडाच्या दोन्ही बाजूंना धडधाकट आवरणावर किमान दीड-दोन सेंटीमीटर चढली पाहिजे, आणि ते आवरण आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसून घेतले पाहिजे, कारण ग्रीस आणि धूळ यांच्यावर कोणताही गोंद बसत नाही. उष्णता मध्यापासून सुरू करून टोकांकडे न्यावी म्हणजे आतली हवा बाहेर निघते. टोकांवर गोंदाची बारीक कडी डोकावली की थांबावे; ती कडी हीच पाणी बंद झाल्याची खूण आहे. हीट गन नसेल तर लोक लायटर वापरतात. काम होते, पण ज्योत एका बाजूला टेकून ट्यूब करपते आणि दुसरी बाजू आवळलेलीच नसते, म्हणून ज्योत लांब आणि सतत फिरती ठेवावी. आणि हो, ट्यूब वायरीवर जोड करण्याआधी सरकवायची असते. सगळा जोड पक्का झाल्यावर टेबलावर पडलेल्या ट्यूबकडे बघत बसणारा मी एकटाच नसेन.

पाच वायरींची एकच गोल केबल जोडायची असेल, तर पाचही जोड एकाच जागी करू नयेत. प्रत्येक वायर वेगवेगळ्या लांबीवर कापून जोड दोन-तीन सेंटीमीटरनी मागेपुढे सरकवावेत, म्हणजे तिथे गाठ फुगत नाही आणि एक ट्यूब फाटली तरी शेजारच्या दोन जोडांची गाठभेट होत नाही. त्यावरून मग मोठी गोंदवाली ट्यूब बाहेरच्या आवरणापर्यंत चढवावी.

सोल्डरिंगवर जुन्या कारागिरांची श्रद्धा आहे आणि ती अगदीच निराधार नाही. कथलाचा डाग नीट बसला तर विजेची वाट उत्तम होते. अडचण धक्क्यांची आहे. वितळलेले कथील तारांमधून वायरीत वर चढते, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो, आणि जिथे ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो त्या रेषेवर प्रत्येक खड्ड्यागणिक वायर वाकते. काही महिन्यांत ती नेमकी तिथेच तुटते. म्हणून हलणाऱ्या वायरीत क्रिम्प, आणि दिव्याच्या डब्याच्या आत, जिथे वायर हलत नाही, तिथे सोल्डर, अशी माझी विभागणी आहे. सोल्डर करायचेच तर राळेचा फ्लक्स, म्हणजे कथील नीट धरावे म्हणून लावायचा लेप, वापरावा. पत्र्याचे डबे सांधणारे जे आम्ल लावतात, ते वायरीत मागे राहून तांबे खात बसते.

वायर न कापता तिला चिमटीत धरून फाटा काढणारे निळे प्लास्टिकचे कनेक्टर मोटारसायकलच्या दुकानांत सर्रास मिळतात. ट्रॉलीला ते लावूच नयेत, कारण ते आवरणाला चीर पाडतात, चार-दोन तारा कापतात आणि त्या चिरेला झाकण घालत नाहीत. सिलिकॉन लावून जोड बंद करणाऱ्यांनी एक वास ओळखायला शिकावे: ट्यूबमधून व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ते सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडते, म्हणजे ज्या रोगाला औषध म्हणून लावले तोच रोग ते वाढवते. आंबट वास न येणारे, न्यूट्रल म्हणून विकले जाणारे सिलिकॉन चालते.

वायरीविषयी थोडक्यात. घरच्या वायरिंगची ताठ, एकाच जाड तारेची वायर उरली आहे म्हणून ट्रॉलीला घालू नये. ती धक्क्यांनी मोडते. अनेक तारांची वाहनासाठीची वायर घ्यावी, दिव्यांना एक ते दीड चौरस मिलीमीटर आणि अर्थिंगला अडीच. मिळाल्यास कल्हई केलेल्या तांब्याची वायर सर्वांत चांगली. पितळेच्या भांड्याला कल्हई ज्या कारणासाठी लावतात, त्याच कारणासाठी इथे प्रत्येक तारेवर कथिलाचा पातळ थर दिलेला असतो.

आता अर्थिंग, ज्यात निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ सापडते. बऱ्याच ट्रॉल्यांना अर्थिंगची स्वतंत्र वायरच नसते. प्रवाह दिव्यातून ट्रॉलीच्या लोखंडात, तिथून हुकाच्या पिनेतून ट्रॅक्टरमध्ये आणि मग बॅटरीकडे परततो. हुकाच्या पिनेवर ग्रीस असते, गंज असतो, माती असते, आणि रिकामी ट्रॉली उड्या मारते तेव्हा पिन क्षणभर अधांतरीही असते. परतीची वाट बंद झाली की वीज दुसरी वाट शोधते. डाव्या इंडिकेटरचा प्रवाह परत जाऊ शकला नाही, तर तो सामाईक अर्थिंगमधून उलटा टेलच्या बल्बमध्ये शिरतो आणि त्याच्या वायरीतून निसटू पाहतो. सुरुवातीला सांगितलेला तालावरचा लुकलुकाट तो हाच. इंडिकेटर दिल्यावर भलताच दिवा नाचला, तर बल्बकडे न जाता सरळ अर्थिंगकडे जावे.

उपाय असा की प्रत्येक दिव्याच्या डब्यातून अर्थिंगची वायर काढून ट्रॅक्टरला जोडणाऱ्या सात पिनी प्लगपर्यंत आणावी आणि लोखंडावर विसंबू नये. आंतरराष्ट्रीय मानकातल्या १२ व्होल्टच्या सात पिनी सॉकेटमध्ये ३ क्रमांकाची पिन अर्थिंगची असते आणि तिची वायर पांढरी. १ क्रमांक डावा इंडिकेटर, पिवळी वायर. ४ क्रमांक उजवा, हिरवी. ६ क्रमांक ब्रेक, लाल. आपल्या गावातल्या ट्रॉलीत मात्र रंग कारागिराच्या हाताला लागेल तो असतो, त्यामुळे रंगावर नव्हे, मीटरवर विश्वास ठेवावा. ट्रॉलीच्या सांगाड्यालाही एक जोड द्यायचा असल्यास रंग आणि गंज खरवडून चकचकीत लोखंड काढावे, क्रिम्प केलेले गोल थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची बोल्टच्या भोकाची कडी) आणि त्याखाली दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा, आणि आवळून झाल्यावर वरून रंग मारावा. आधी रंग मारून मग बोल्ट बसवणारे रंगालाच अर्थिंग देत असतात.

ट्रॉलीला वेल्डिंग करायचे असेल तेव्हा आधी प्लग काढून ठेवावा आणि वेल्डिंगचा अर्थचा चिमटा कामाच्या जागेच्या अगदी जवळ लावावा. तो लांब लावला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने परत जातो, आणि ती वाट तुमची अडीच चौरस मिलीमीटरची वायर असू शकते.

वायर कशी बांधली आहे यावरही जोडाचे आयुष्य ठरते. जोड चासीच्या आतल्या बाजूला, चाकाच्या चिखलापासून दूर घ्यावेत. दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, दिव्यात उतरत नाही. हायड्रॉलिकने उचलल्या जाणाऱ्या ट्रॉलीत बिजागरीजवळ वायर सैल ठेवावी आणि तिथे जोड करूच नये. लोखंडी तारेने वायर बांधण्याची पद्धत वाईट, कारण धक्क्यांनी ती तार करवतीसारखी आवरण कापते. काळे केबल टाय वापरावेत, पांढरे उन्हाने लवकर तडकतात. खळ्यात उभ्या ट्रॉलीची वायर उंदीरही कुरतडतात, त्यामुळे ती वळ्यांच्या नळीतून नेणे बरे.

काम झाल्यावर तपासणी करताना मीटरच्या “टीं” आवाजावर समाधान मानू नये. पंधरा तारा तुटून एक शिल्लक असली तरी मीटर टीं करतो, कारण त्याला जवळजवळ प्रवाहच लागत नाही. खरी परीक्षा भार असताना होते. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे, लांब वायर जोडून, दिव्याच्या अर्थिंगला लावावे आणि कोणाला तरी ट्रॅक्टरवर बसवून ब्रेक दाबून धरायला सांगावे. आकडा ०.३ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग उत्तम. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर दुसरे टोक दिव्याकडून ट्रॅक्टरकडे एकेका जोडावर सरकवत यावे. ज्या जोडापलीकडे आकडा एकदम खाली पडतो, तोच गुन्हेगार. धन बाजूही अशीच, बॅटरीच्या धन टोकापासून बल्बच्या टोकापर्यंत मोजता येते. तिथे स्विचही वाटेत असल्यामुळे अर्ध्या व्होल्टपर्यंत सोडून द्यावे. एलईडी दिवे लावलेल्यांना एक सूचना: एलईडी फार थोडा प्रवाह घेते, त्यामुळे सडका जोड तिच्यामागे बराच काळ लपून राहतो, आणि एखाद्या पावसात अचानक सगळे दिवे बंद पडतात.

राहिला प्लग. ट्रॉली सोडली की तो बहुधा खाली टाकला जातो आणि चिखलात किंवा शेणात पडतो. त्याच्या पिनांना पेट्रोलियम जेली लावणारे आहेत, पण आपल्या उन्हात ती पातळ होऊन ओघळते; उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस थोडेसे लावावे. ट्रॉलीच्या दांड्यावर जुन्या सॉकेटचा डबा, तोंड खाली करून, वेल्डिंगने बसवून घेतला, तर ट्रॉली सोडल्यावर प्लग त्यात खोचून ठेवता येतो.